नगरपालिकेचे कंत्राट आणि शाळेचा झाडू



गेल्या महिन्यात डार्मश्टाट येथे माझ्या भाच्याने जेवणाच्या टेबलावर ऐंशी-नव्वद पानांचा गठ्ठा आणून ठेवला आणि म्हणाला, "मावशी, आयुष्यभर तू मुलांचे पेपर तपासलेस. आता मी परीक्षेस बसतो आहे. प्रश्नपत्रिका जरा वाचून दे." ती प्रश्नपत्रिका म्हणजे एका शाळेच्या दैनंदिन साफसफाईच्या कामाची निविदा होती. भाच्याची साफसफाईची छोटी संस्था आहे. नऊ माणसे कामाला, दोन गाड्या, फरशी घासण्याची तीन यंत्रे. आजवर दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या आणि एक-दोन दुकाने यांवर त्याचा निर्वाह चालला होता. परंतु कचेऱ्यांतील माणसे घरी बसून काम करू लागली, तशी कचेऱ्या झाडण्याची कामेही आटली. शाळा मात्र घरी बसत नाहीत. म्हणून नगरपालिकेचे काम मिळाले तर नऊ घरांची चूल पेटती राहील, आणि न मिळाले तर त्यांतील दोघींना निरोप द्यावा लागेल, असा हा प्रश्न होता.

मी अध्यापक विद्यालयात शिकले तेव्हा आमच्या बाई सांगत, की विद्यार्थी नापास होतो तो बहुधा उत्तर येत नाही म्हणून नव्हे, तर प्रश्न वाचत नाही म्हणून. तीस वर्षे हे वाक्य मी मुलांना ऐकवीत आले. सरकारी निविदेस ते किती तंतोतंत लागू पडते, हे मात्र मला या वयात कळले.

आपल्या समाजातील पुष्कळ घरांना निविदा हा शब्द नवा नाही. मुंबईत आपली माणसे रेल्वेत, टपाल खात्यात, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होती. लाखेची मोहोर लावलेले पाकीट, टेबलाच्या टोकाशी ठेवलेली कुलपाची पेटी, बयाणा रकमेची पावती, हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असे. पण ते पाहिले कोठून? पाकीट उघडणाऱ्या कारकुनाच्या बाजूने. पाकीट देणाऱ्याच्या बाजूने फार थोड्यांनी. मुंबईची नगरपालिका चालते ती १८८८ च्या कायद्यानुसार. मोठ्या कंत्राटांस स्थायी समितीची संमती लागे, आणि कोणत्या गल्लीतल्या गटाराचे काम कोणास मिळाले याची चर्चा चाळीच्या जिन्यावर होई. १९३७ साली आपले डॉ. एलिजा मोझेस त्या शहराचे महापौर झाले आणि महालक्ष्मीजवळच्या रस्त्यास त्यांचे नाव मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो. रस्त्याची खडी कोणी पुरवली, हे कोणी सांगत नाही. इस्रायलमधील वाचकांना 'मिखराज' हा शब्द वर्तमानपत्राच्या जाहिरातींतून परिचित असेल; तोही याच जातीचा.

आता डार्मश्टाटविषयी दोन शब्द. फ्रँकफुर्टच्या दक्षिणेस, हेसन राज्यात, एक लाख साठ हजारांहून अधिक वस्तीचे हे शहर आहे. १९९७ पासून ते अधिकृतपणे 'विज्ञाननगरी' म्हणवते. तंत्रविद्यापीठ जुने, १८७७ चे. युरोपीय अंतराळ संस्थेचे नियंत्रण केंद्रही येथेच आहे. उपग्रह जेथून चालवले जातात त्या गावीसुद्धा वर्गातली खडूची भुकटी रोज संध्याकाळी कोणीतरी हातानेच पुसते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. येथील शाळांत शेवटच्या तासानंतर मुले आपापली खुर्ची उचलून बाकावर उलटी ठेवतात, म्हणजे झाडणारणीला खाली वाकावे लागू नये. ही शिस्त मला आपल्याकडेही लावावीशी वाटली होती. पण आपल्या शाळांतील लांब लाकडी बाके कोण उचलणार!

नगरपालिकेचे काम हवे असणाऱ्याने पहिली गोष्ट समजून घ्यावी ती ही, की 'शहर' नावाचा एकच गिऱ्हाईक नसतो. शहराचे कार्यकारी मंडळ, ज्याला येथे मागिस्ट्राट म्हणतात, ते एक. त्याशिवाय कचरा व रस्तेसफाई पाहणारा ई.ए.डी. हा शहराचा स्वतंत्र उपक्रम आहे. शहराच्या मालकीची घरे बांधणारी बाउफेराइन ही कंपनी आहे. वीज, ट्राम इत्यादींची हेआग ही समूहसंस्था आहे. क्लिनिकुम हे रुग्णालय आहे. प्रत्येकाची खरेदी निराळी, कागद निराळे. भाचा दोन वर्षे एकाच दारावर उभा होता आणि शेजारची चार दारे त्याला ठाऊकच नव्हती.

जाहिराती कोठे येतात? हेसन राज्याची निविदांची एक सामाईक सूची आहे, तीस एच.ए.डी. असे म्हणतात, ती संगणकावर कोणासही पाहता येते. काम मोठे असेल तर त्याची जाहिरात साऱ्या युरोपीय संघासाठी 'टेड' नावाच्या राजपत्रातून होते. मोठे म्हणजे किती, याचा आकडा दर दोन वर्षांनी बदलतो. २०२४ आणि २०२५ या वर्षांसाठी नगरपालिकांच्या वस्तू व सेवांकरिता तो २,२१,००० युरो होता. २०२६ पासून तो २,१६,००० आहे. इमारतींच्या बांधकामाची मर्यादा पन्नास लाख युरोंच्याही वर आहे. येथे एक गोम आहे. मर्यादा ठरवताना एका वर्षाची रक्कम धरत नाहीत, तर कंत्राटाच्या साऱ्या मुदतीची धरतात. वर्षाला ऐंशी हजारांचे शाळासफाईचे काम चार वर्षांसाठी दिले की ते तीन लाख वीस हजारांचे होते, आणि मग एका प्राथमिक शाळेच्या झाडूसाठी पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत कोणीही अर्ज करू शकतो. इस्रायल १९९६ पासून सरकारी खरेदीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य असल्याने, काही अपवाद सोडता, तेथील संस्थांनाही अशा मोठ्या कामांत भाग घेता येतो. भारत त्या कराराचा २०१० पासून केवळ निरीक्षक आहे.

लहान कामांची रीत सोपी असते. तेथे नगरपालिका निदान तीन संस्थांना पत्र पाठवून दर मागवते, आणि नियम असा आहे की दर वेळी त्याच त्या तिघांना बोलावू नये, आलटून पालटून नवीन नावे घ्यावीत. म्हणजे नव्या माणसाचे काम एवढेच, की आपले नाव त्या टेबलापर्यंत पोहोचवणे. भाच्याला मी म्हणाले, "अरे, तू कधी जाऊन भेटलास का?" तो म्हणाला, "वशिला लावल्यासारखे दिसेल." आपल्या माणसांची ही एक गंमतच आहे. वशिला नको म्हणून ओळखही करून घ्यायची नाही! निविदा जाहीर झाल्यावर कचेरीत जाऊन बसणे खरोखरच अयोग्य. परंतु त्याआधी, कोणतीही निविदा चालू नसताना, आपल्या कामाचे एक पान देऊन येणे यात काहीही गैर नाही. त्याने ते केले. सहा महिन्यांनी एका बालवाडीच्या खिडक्या पुसण्याच्या कामासाठी त्याला दर विचारणारे पत्र आले. काम अवघ्या काही शे युरोंचे. परंतु पुढील निविदेत 'गेल्या तीन वर्षांतील अशाच प्रकारची कामे' या रकान्यात लिहिण्यास त्याला पहिली ओळ मिळाली.

त्या रकान्याची हकिकत निराळी आहे. काम केलेले असल्याशिवाय काम मिळत नाही, आणि मिळाल्याशिवाय केलेले दाखवता येत नाही. हे कोडे कायद्यालाही ठाऊक आहे. त्यावर दोन तोडगे ठेवलेले आहेत. एक, दुसऱ्या संस्थेच्या क्षमतेचा आधार घेणे. तिने तसे लेखी वचन द्यावे लागते. दुसरा, दोघा-तिघांनी मिळून एकत्र निविदा भरणे. त्यास बीटरगेमाइनशाफ्ट असे लांबलचक नाव आहे. शिवाय जर्मन कायद्यात असे स्पष्ट म्हटले आहे, की मोठे काम साधारणतः तुकड्यांत वाटून द्यावे, म्हणजे लहान संस्थांना वाव राहील. शाळेची नवी इमारत बांधायची तर गवंडीकाम, वीज, रंग, फरशी यांच्या निविदा वेगवेगळ्या निघतात. दहा शाळांची सफाई असेल तर तीन-चार भाग पाडतात. आपल्या आवाक्यातला भाग तेवढाच मागावा. भाच्याने पहिल्या खेपेस उत्साहाने सारे भाग मागितले होते. नऊ माणसांत दहा शाळा तो कसा झाडणार होता, हे त्यालाच माहीत.

त्या पहिल्या खेपेविषयी सांगते, कारण त्यातून शिकण्यासारखे आहे. शेजारच्या एका गावाची ती निविदा होती. कागदात लिहिले होते, की जिने आणि मार्गिका रोज धुवाव्यात. भाच्याला ते अवाजवी वाटले. आठवड्यातून तीन दिवस पुरेसे आहे, असे त्याचे प्रामाणिक मत; आणि ते चुकीचेही नसेल. त्याने 'रोज' हा शब्द खोडून तेथे 'आठवड्यातून तीन वेळा' असे सुबक अक्षरांत लिहिले आणि त्याप्रमाणे दर दिला. निविदा बाद. निविदेच्या मजकुरात बदल केला की ती मोजणीस घेतच नाहीत. घेतली तर इतरांवर अन्याय होईल, कारण त्यांनी रोजचा दर दिलेला असतो. हे ऐकून तो चिडला, आणि मी मात्र हसले, कारण मुले परीक्षेत नेमके हेच करतात. प्रश्न अवघड वाटला की तो स्वतःच्या सोयीने बदलून उत्तर लिहितात.

मग करायचे काय? विचारायचे. मुदतीच्या आत संगणकावरून लेखी प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर सर्व इच्छुकांना सारखेच, विचारणाऱ्याचे नाव न सांगता, कळवले जाते. मोठ्या निविदांत हे उत्तर शेवटच्या दिवसाच्या निदान सहा दिवस आधी यावे असा दंडक आहे, म्हणून प्रश्न त्याच्याही पुरेसा आधी गेला पाहिजे. 'रोज' की 'तीन वेळा' हा प्रश्न भाच्याने विचारला असता तर कदाचित कागदच दुरुस्त झाला असता. एखादे प्रमाणपत्र जोडायचे राहिले, तर हल्ली ते मागाहून मागवण्याची सोय आहे. बांधकामाच्या निविदांत त्यासाठी साधारण सहा दिवस देतात. पण दर लिहायचा राहिला किंवा मजकूर बदलला, तर फारशी दयामाया नाही.

प्रमाणपत्रांची यादी लांब आहे: कर भरल्याचा कर कचेरीचा दाखला, कामगारांचे हप्ते भरल्याचा आजारविमा संस्थेचा दाखला, अपघातविम्याचा दाखला, व्यवसायनोंदणीचा उतारा. यांतील कित्येकांची मुदत काही महिन्यांचीच असते. हे सारे एकदा तपासून घेऊन एका नोंदवहीत नाव घालता येते, म्हणजे दर वेळी गठ्ठा जोडावा लागत नाही. हेसनमध्ये व्हीसबाडेन येथील निविदा-सल्ला केंद्र हे काम करते. तेथे लहान उद्योजकांस सल्लाही मिळतो. तीस हजार युरोंवरील कामात नगरपालिका स्वतः आणखी एका नोंदवहीत डोकावते. लाचलुचपत, करचुकवेगिरी किंवा मजुरी बुडवल्याबद्दल शिक्षा झालेल्या संस्थांची नावे तीत असतात, आणि १ जून २०२२ पासून ती पाहणे सक्तीचे आहे.

आता दराकडे वळते, कारण खरे दुखणे तेथेच आहे.

इमारतींच्या साफसफाईत जर्मनीभर लागू असलेली किमान मजुरी १ जानेवारी २०२६ पासून ताशी १५ युरो आहे. समजा, शाळेचे क्षेत्रफळ ३,००० चौरस मीटर, आणि एक बाई तासाला २०० चौरस मीटर झाडून पुसून काढते. म्हणजे दिवसाला १५ तास, आणि नुसती मजुरी २२५ युरो. त्यावर मालकाने भरायचा सामाजिक विम्याचा हिस्सा सुमारे पाचवा भाग. शिवाय भरपगारी रजा, सणाच्या सुट्ट्या, आजारपणात सहा आठवड्यांपर्यंतचा पगार, साबण, यंत्रे, देखरेख. भाच्याने हे सारे मांडले तेव्हा ताशी १५ चा आकडा कोठल्या कोठे गेला. मजुरी तर कायद्याने बांधलेली. ती कमी दाखवता येत नाही, कारण हेसनच्या कायद्याप्रमाणे ठरलेली मजुरी देण्याची लेखी हमी जोडावी लागते. मग काही संस्थांचे दर इतके स्वस्त कसे?

उत्तर त्या २०० च्या आकड्यात आहे. तेथे ३०० लिहा. लगेच १५ तासांचे १० तास होतात, २२५ चे १५० होतात, आणि कागदावर मजुरी अगदी कायदेशीर राहते. पण तीच फरशी तेवढीच असते, आणि १० तासांत ती पुसायची कोणी? जिच्या हातात फडके आहे तिने. ती मग वर्गाच्या कोपऱ्यांत शिरत नाही, किंवा पगार नसलेला अर्धा तास रोज अधिक राबते. शिक्षिका म्हणून मी हे दुसऱ्या बाजूने पाहिलेले आहे. सोमवारी सकाळी वर्गात पाऊल टाकले, की गेल्या निविदेत कोणता आकडा लिहिला गेला ते फळ्याखालच्या धुळीवरून कळते.

कायदा यावर अगदीच गप्प नाही. दर विलक्षण कमी वाटला तर नगरपालिकेने त्या संस्थेस खुलासा विचारलाच पाहिजे. आणि मजुरीचे नियम मोडून तो दर दिला आहे असे दिसले, तर निविदा फेटाळली पाहिजे. शिवाय सर्वांत स्वस्त तीच घ्यावी असा जर्मन नियम नाही. सर्वांत किफायतशीर घ्यावी असा आहे. दर साठ गुण, कामाचे तास आणि देखरेखीची योजना चाळीस गुण, अशी वाटणी जाहिरातीतच लिहिलेली असू शकते. गुणांची ही वाटणी मी भाच्याला आधी वाचायला लावली. तो थेट दराच्या पानाकडे गेला होता. चाळीस गुणांच्या प्रश्नाला त्याने चार ओळी लिहिल्या होत्या. आम्ही त्या सहा पानांच्या केल्या. कोणत्या वर्गात किती वाजता कोण जाईल, बाई आजारी पडली तर तिच्या जागी कोण, तक्रार कोणाकडे करायची, हे सारे.

दुसऱ्या खेपेस, आणखी एका गावी, त्याचा क्रमांक दुसरा आला होता. पहिल्याचा दर पाहून तो म्हणाला, "मावशी, इतक्यात ही शाळा झाडून होणारच नाही." होत असेलही, त्यांचा हिशेब आम्ही पाहिलेला नाही. परंतु शंका घेण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे, आणि ती वाट, मौज अशी की, डार्मश्टाटलाच येऊन संपते. संपूर्ण हेसन राज्यातील मोठ्या सरकारी निविदांच्या तक्रारी ऐकणारे मंडळ, फेरगाबेकामर, हे डार्मश्टाटच्या प्रादेशिक शासनाच्या कचेरीत आहे. फ्रँकफुर्टच्या विमानतळाचे कंत्राट असो की कासेलच्या शाळेचे. तिकडे जाण्याची पायरी अशी आहे. निवड न झालेल्यांना विजेत्याचे नाव आणि कारण कळवल्यावर, पत्र संगणकाने गेले असेल तर दहा दिवस, नगरपालिकेने करारावर सही करायची नाही. चूक लक्षात आल्यापासून दहा दिवसांत आधी नगरपालिकेकडेच लेखी हरकत घ्यायची. तिने ती फेटाळली, तर पंधरा दिवसांत मंडळाकडे अर्ज करायचा. पण करारावर सही झाली की मंडळाला तो सहसा मोडता येत नाही, म्हणून इतके दिवस हातात आहेत असे समजून बसू नये. मंडळाने साधारण पाच आठवड्यांत निर्णय द्यावा असे बंधन आहे. त्यावर फ्रँकफुर्टच्या उच्च न्यायालयात अपील.

ऐकायला हे फार छान वाटते. पण मंडळाचे शुल्क निदान २,५०० युरो, आणि हरलात तर समोरच्या वकिलाचाही खर्च. नऊ माणसांच्या संस्थेला ही रक्कम म्हणजे एका बाईचा जवळजवळ सव्वा महिन्याचा पगार. शिवाय भाच्याच्या मनात भीती, की एकदा तक्रारखोर म्हणून नाव झाले तर पुढे कोण विचारील? हरकतीचे साधे पत्र फुकट असते, हे मी त्याला सांगितले. त्या दहांपैकी आठ दिवस आम्ही यावर वाद घालण्यात घालवले, आणि शेवटी त्याने पत्र पाठवले नाही. माझ्या मते ती चूक झाली. त्याच्या मते नाही.

कंत्राटाच्या कागदांविषयी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. जर्मन बांधकामाच्या कंत्राटांची ठरीव कलमे १९२६ पासून चालत आलेली आहेत. त्यांत एक बारीक कलम आहे, की खोदताना पुरातन किंवा मोलाचे काही सापडले तर पुढे खणू नये, आधी काम देणाऱ्याला कळवावे. २००३ साली डार्मश्टाटच्या या शहरी रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे खोदकाम चालू असता जमिनीखाली भिंती लागल्या. १८७६ मध्ये बांधलेल्या आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळलेल्या लिबरल सिनेगॉगच्या त्या भिंती होत्या. आराखडा बदलण्यात आला. २००९ पासून ते अवशेष रुग्णालयाच्या आवारात स्मारक म्हणून जपलेले आहेत. मी पाहून आले. कंत्राटातील कंटाळवाणी कलमेही वाचावीत, असे तेथून परतताना भाचाच मला म्हणाला.

असो. यंदाच्या निविदेसाठी त्याने आपल्याच गल्लीतील एका तुर्की गृहस्थाशी हातमिळवणी केली आहे. त्यांच्याकडे दोन शाळांचा अनुभव आहे, भाच्याकडे यंत्रे आहेत. पैशाचे गणितही दोघांनी मिळून केले, कारण येथे काम सुरू करण्यास उचल मिळत नाही. महिना संपल्यावर बिल, त्यानंतर तीस दिवसांत पैसे, आणि बायकांचा पगार मात्र त्याआधीच द्यायचा. म्हणजे दोन महिन्यांची मजुरी गाठीला हवी. ती नसेल तर मिळालेले कंत्राटही बुडवते.

शेवटच्या दिवशी दुपारी बारापर्यंत मुदत होती. पूर्वी येथील नगरभवनातही पाकिटे सर्वांसमक्ष उघडत आणि आकडे मोठ्याने वाचत. आता सारे संगणकावरून जाते, आणि बारा वाजून एक मिनिटाने दार बंद होते, तेथे शिपायाला विनवता येत नाही. मी त्याला आदल्या रात्रीच बसवले. चौदा कागद चढवायचे होते. अकरावा काही केल्या चढेना. नावात एक चिन्ह अधिक होते, ते काढल्यावर चढला. पोचपावती आली तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते, आणि तुर्की गृहस्थांच्या पत्नीने पाठवलेला पुलाव थंडगार झाला होता.

निकालास अद्याप पाच आठवडे आहेत. तोवर दिलेला दर बदलता येत नाही. ज्या दोघींना निरोप द्यावा लागणार होता त्यांना त्याने "थांबा" एवढेच सांगितले आहे, आणि त्यांपैकी एक, जी बालवाडीच्या खिडक्या पुसते, ती दर मंगळवारी बादली ठेवता ठेवता विचारते, पत्र आले का म्हणून.